चर्मण्वतीच्या कांठचे बीहड

मुंबईहून पंजाब मेलनें दिल्लीकडे जाणारा प्रवासी ग्वाल्हेर मागें टाकून मुरैन्याच्या पुढें आला, म्हणजे रुळांच्या दोन्ही अंगांस भूमीचें रूप एकाएकीं पालटतें. मोहरीचीं सपाट शेतें संपतात आणि एखाद्या अजस्र श्वापदानें नखांनीं ओरबाडून काढावी तशी विदीर्ण झालेली जमीन दृष्टीस पडूं लागते. पिंवळसर मातीचे सुळके, माथ्यावर कांटेरी झुडुपें मिरविणारीं टेंकाडें, त्यांच्यामधून वांकडींतिकडीं वळणें घेत खोल खोल उतरणाऱ्या घळी. आणि मग पुलाखालून संथपणें वाहणारी रुंद चंबळ नदी. धोलपूर येतांच हा देखावा संपतो. डब्यांतील एखादे माहितगार गृहस्थ ‘हाच तो डाकूंचा मुलूख’ एवढें सांगतात, मंडळी क्षणभर खिडकीशीं दाटी करतात आणि पुन्हां आपापल्या फराळाच्या डब्यांकडे वळतात. सरकारी दप्तरांतहि या भूमीची वासलात अशीच एका शब्दांत लावलेली असे : ‘पडीक’. परंतु पडीक म्हणून टाकून दिलेल्या या मुलखाविषयीं गेल्या पन्नास वर्षांत जें कांहीं उघडकीस आलें आहे, तें वाचकांच्या कानीं घालण्याजोगें आहे. ज्या जमिनीचा नाश झाला असें आपण म्हणतों, तिनेंच अन्यत्र नाश पावत चाललेल्या कित्येक जीवांना आसरा दिला. आणि तो आसरा आतां सुधारणेच्या नांवाखालीं मोडला जात आहे.

चंबळ म्हणजे आपली जुनी चर्मण्वती. महूजवळ जानापावच्या डोंगरांत ती उगम पावते आणि माळवा व राजस्थान यांतून सुमारें ९६० किलोमीटर, म्हणजे सहाशें मैल, चालून इटावा जिल्ह्यांत यमुनेस मिळते. तिच्या नांवाची कथा महाभारतांत आहे. रंतिदेव राजाच्या यज्ञांतील पशुचर्मांच्या राशींतून जो स्राव वाहिला त्याची ही नदी झाली, असें तेथें सांगितलें आहे. मेघदूतांतील मेघाच्या वाटेवरहि ती लागते आणि तेथें कवीनें रंतिदेवाची आठवण आदरानेंच केली आहे. लोकांच्या मनांत मात्र कवीच्या आदरापेक्षां चर्मांची रास अधिक ठसली. त्यांतच द्रौपदीनें या नदीस शाप दिला अशी दंतकथा त्या प्रांतीं रूढ आहे. परिणाम असा झाला कीं, केशोरायपाटणासारखें एखादें स्थान सोडलें, तर गंगायमुनांच्या कांठीं आहेत तशीं घाटांनीं आणि यात्रेकरूंनीं गजबजलेलीं तीर्थें हिच्या कांठीं वसलीं नाहींत. कोट्याच्या खालीं प्रवाहाला अगदीं लागून असें मोठें कारखान्यांचें शहरहि नाहीं. शापित म्हणून लोकांनीं जिला दूर ठेविलें, ती उत्तर हिंदुस्थानांतील स्वच्छ नद्यांमध्यें गणली जाऊं लागली. शापाचा असा उपयोग शाप देणारीच्या स्वप्नींहि आला नसेल!

आतां ही जमीन फाटते कशी, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुढील सर्व प्रकरण त्यावरच अवलंबून आहे. कोट्यापर्यंत नदी बऱ्याच ठिकाणीं खडकांतून वाट काढते. कोटा सोडल्यावर तिला गाळाची जमीन लागते. हा गाळ पुष्कळ खोल, पिठासारखा बारीक, आणि मधून मधून चुनखडीच्या खड्यांनीं भरलेला असतो. या खड्यांस तिकडे कंकर म्हणतात. ही माती कोरडी असतां भिंतीसारखी ताठ उभी राहते. भिजली म्हणजे साखरेसारखी विरघळते. त्या प्रांतीं वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यांतलाहि बराचसा मोजक्या दिवसांत कोसळतो. उन्हाळाभर ढोरांनीं चरून उघडी पाडलेल्या जमिनीवर हा पाऊस आला, म्हणजे उतारानें धांवणारें पाणी प्रथम बोटभर रुंदीचे ओघळ पाडतें. नांगरटींत ते बुजतात, म्हणून शेतकरी त्यांची पर्वा करीत नाहीं. एखादा ओघळ मात्र बुजत नाहीं. तो जवळच्या घळीच्या कडेपर्यंत पोंचतो. तेथें पाणी धबधब्यासारखें खालीं पडतें, कड्याचा पायथा पोखरतें, वरची माती तुटून कोसळते आणि घळीचें तोंड चार हात मागें सरकतें. नदी खालीं वाहते, पण घळ वर चढते! नदीपासून निघून ती शेताच्या दिशेनें, प्रवाहाच्या अगदीं उलट, खात खात जाते. कित्येक ठिकाणीं पाणी भेगांतून आंत शिरून जमिनीच्या पोटांत भुयारें पाडतें. वर हरभरा डोलत असतो आणि खालीं पोकळी वाढत असते. एखाद्या पावसाळ्यांत त्या भुयाराचें छप्पर बसतें आणि सकाळीं शेतकरी पाहतो तों बांध, पीक व माती यांच्या जागीं खड्डा!

याचा सर्व दोष मनुष्याच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. भूगर्भवेत्त्यांच्या मतें या भागांतील भूपृष्ठ फार पूर्वीं किंचित् उचललें गेलें, त्यामुळें नदीनें आपलें पात्र खोल कापलें, आणि मग तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओहळासहि खालीं उतरणें भाग पडलें. मनुष्यानें केलें तें इतकेंच कीं, वरचें झाडझाडोऱ्याचें पांघरूण काढून त्या कामास हातभार लावला. आज कोट्यापासून इटाव्यापर्यंत नदीच्या दोन्ही तीरांस हे बीहड पसरले आहेत. भिंड, मुरैना, श्योपूर, धोलपूर, करौली, आगरा अशा अनेक जिल्ह्यांतून त्यांचे फांटे शिरलेले आहेत आणि कित्येक घळींची खोली शंभर फुटांहून अधिक आहे. सबंध देशांत अशी घळींनीं पोखरलेली जमीन सुमारें ४० लक्ष हेक्टर असावी, असा अंदाज बरीच वर्षें मांडला जातो. महाराष्ट्रीय वाचकांस यासाठीं उत्तरेकडेच पाहावयास नको. खानदेशांत तापी-पूर्णेच्या कांठीं आणि संगमनेरच्या बाजूस प्रवरेच्या कांठींहि याच जातीच्या, मात्र आकारानें लहान, घळी आहेत.

या विध्वंसाकडे वरून पाहणाऱ्यास केवळ ओसाडी दिसते. घळींत उतरणाऱ्यास निराळेंच जग भेटतें. टेंकाडाचा माथा कडक, उन्हानें भाजलेला, तेथें पावसाचें पाणी थांबत नाहीं. पण वरून धुपून आलेली माती तळाशीं सांचते, दोन्ही बाजूंच्या दरडींची सावली तिच्यावर पडते, वारा आंत फारसा शिरत नाहीं, आणि पाऊस गेल्यावरहि तेथें ओल दीर्घकाळ टिकते. उत्तरेकडे तोंड करून असलेली दरड दक्षिणाभिमुख दरडीपेक्षां थंड राहते. म्हणजे जेथें पूर्वीं एकच सपाट शेत होतें, तेथें आतां माथा, उतार, कडा, तळ अशा चार प्रकारच्या जागा झाल्या आणि प्रत्येकीचा रहिवासी वेगळा झाला. माथ्यावर करीर, ज्यास आपण नेपती म्हणतों. त्याला पानें जवळजवळ नसतातच, हिरव्या फांद्याच पानांचें काम करतात. उतारावर हिवर, हिंगण, रानबोर, शमी. कोठें कोठें पीलु. तळाशीं बाभूळ आणि उंच गवतें.

आपल्या वैद्यकग्रंथांत देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील जांगल म्हणजे आज ‘जंगल’ या शब्दानें मनांत उभी राहणारी निबिड झाडी नव्हे. पाणी थोडें, वारा मोकळा, झाडें विरळ व बहुधा कांटेरी, हरिणांना फिरण्यास उघडीं मैदानें आणि माणसांना रोगराई कमी, अशा भूमीस शास्त्रकार जांगल म्हणत. शमी, खदिर, बोर हे तिचे वृक्ष. हा शब्द पुढें घनदाट अरण्याकडे कसा वळला, हा शब्दशास्त्र्यांच्या विचाराचा विषय आहे. येथें सांगावयाचें तें एवढेंच कीं, सपाटीवर सर्वत्र नांगर फिरण्यापूर्वीं गंगायमुनांच्या पश्चिमेचा बराच मुलूख असाच असावा. गहूं-मोहरीच्या शेतांतून त्या जुन्या जांगल देशाची हकालपट्टी झाली. जेथें नांगर पोंचूं शकला नाहीं तेवढ्या जागीं तो शिल्लक राहिला, आणि त्या जागा म्हणजे या घळी होत.

यांतील दोन वनस्पतींचा आपल्या घरांशीं निकटचा संबंध आहे. पहिली मुंज. बटूच्या कमरेस बांधावयाची मेखला ज्या तृणाची, आणि ज्यावरून त्या संस्कारालाच आपण ‘मुंज’ म्हणतों, तें हें गवत चंबळयमुनांच्या वालुकामय कांठांवर व घळींच्या तळाशीं पुरुषभर उंच वाढतें. त्याचे झुबके दाट व मुळ्या चिवट असतात आणि सैल माती धरून ठेवण्यांत तें मोठ्या झाडांनाहि हार जात नाहीं. तिकडील गांवकरी त्याच्या दोऱ्या वळतात, छपरें शाकारतात, बसावयास मोडे करतात. दुसरी वनस्पति गुग्गुळ. संधिवातानें बेजार झालेल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशीं योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांची बाटली नाहीं असें घर विरळा. त्या गोळ्यांतील मुख्य द्रव्य देणारें हें ठेंगणें, कांटेरी, कागदासारखी साल सुटणारें झुडूप या रुक्ष भूमींत आपोआप उगवतें. सालीस चीर दिली म्हणजे डिंक पाझरतो. पूर्वीं बेताची चीर देत. मागणी वाढली तशा खोल चिरा देऊन आणि उत्तेजक द्रव्यें लावून एका हंगामांत सगळा डिंक ओरपण्याची चाल पडली, आणि त्यानें झुडूप मरतें. आज गुग्गुळाची गणना जगांतील अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. गोळी घेतांना ती कोणत्या मातींतून आली याचा विचार आपण सहसा करीत नाहीं.

झाडांमागून प्राणी आले. कीं ते तेथें होतेच आणि बाकीच्या जागा त्यांना उरल्या नाहींत, असें म्हणणें अधिक खरें? लांडगा, तरस, कोल्हा, खोकड, रानमांजर, साळिंदर यांस बिळांसाठीं आयत्याच विवरांची सोय झाली. पाण्यानें पोखरलेलीं तीं भुयारें, ज्यांनीं शेतकऱ्याचें शेत गिळलें, तींच तरसाच्या पिलांचें घर झालीं. नीलगायी व चिंकारे दिवसा घळींत विसांवतात आणि तिन्हीसांजेस वर येतात. (शेतकऱ्याच्या पिकांत शिरतात, हेंहि येथेंच नमूद केलें पाहिजे, त्याची तक्रार खोटी नाहीं.) उभ्या दरडींच्या कपारींत शृंगी घुबडें व पांढरीं गिधाडें घरटीं करतात, आणि नदीकडील मातीच्या भिंतींत गंगामैनांचे थवे भोंकें पाडून राहतात. मोठ्या प्राण्यांसहि हे बीहड आडवाटेसारखे उपयोगी पडले आहेत. रणथंभोरच्या वनांतून २०१०–११ च्या सुमारास एक वाघ निघाला आणि चंबळच्या खोऱ्यांतून वाट काढीत मध्यप्रदेशांतील कूनोच्या अरण्यांत येऊन कित्येक वर्षें राहिला. कूनो ही चंबळचीच उपनदी, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत आफ्रिकेंतून आणलेले चित्ते सोडले तें हेंच अरण्य. उघड्या शेतांतून वाघाला एवढें अंतर कोणी चालूं दिलें असतें?

मात्र घळींचा हा आडोसा केवळ चतुष्पादांनींच घेतला असें नाहीं. ज्या अडचणीच्या जागेंत नांगर जात नाहीं, तेथें पोलिसहि सहजासहजीं जात नाहींत. जमिनीचे तंटे, मानापमान आणि सूड यांतून घराबाहेर पडलेलीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या येथें येऊन बंदूक हातीं घेत. तिकडे त्यांस डाकू न म्हणतां ‘बागी’ म्हणण्याचा प्रघात आहे. १९६० च्या मे महिन्यांत कुलाबा जिल्ह्यांतील गागोद्याचे आपले विनोबा भावे या मुलखांतून पायीं फिरले आणि त्यांच्या पायाशीं कित्येकांनीं शस्त्रें ठेविलीं. पुढें १९७२ च्या एप्रिलांत जौरा येथें जयप्रकाश नारायण यांच्यापुढें शेंकडोंनीं शरणागति पत्करली. प्राण्यांच्या अभ्यासकांकडून एक गोष्ट वारंवार ऐकूं येते, ती ऐकून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. डाकूंच्या भयानें लांकूडतोडे, वाळूवाले आणि शिकारी यांनीं कैक वर्षें या नदीकडे पाठ फिरविली आणि त्या दहशतीच्या सावलींत रानटी जीव सुरक्षित राहिले. माणसांना शांतता लाभली तेव्हांपासून नदीच्या वाळूला मात्र शांतता राहिली नाहीं.

नदीचा उल्लेख आला, तर तिच्यांतील रहिवाशांविषयीं जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण बीहड आणि नदी हीं वेगळीं काढतां येत नाहींत. दोन्ही तीरांस मैल-मैल रुंदीची दुर्गम भूमि आहे म्हणूनच पात्रांत निवांतपणा आहे. येथील मुख्य मानकरी म्हणजे सुसर. तिकडे तिला घडियाल म्हणतात. ही मगरीहून निराळी. हिचा जबडा लांब, चिमट्यासारखा अरुंद. आहार मुख्यतः मासे. माणसाच्या वाटेस ती जात नाहीं. वयांत आलेल्या नराच्या नाकाडावर मडक्यासारखा फुगवटा येतो, त्या घड्यावरून हें नांव पडलें. (शिशुमार या एकाच संस्कृत शब्दापासून आपल्याकडे सुसर आणि उत्तरेकडे डॉल्फिनाचें ‘सूंस’ हें नांव आलें असावें. एका शब्दाचीं दोन लेकरें एकाच नदींत राहतात, ही गंमत भाषेच्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवावी.) १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हां साऱ्या देशांत दोनशेंहि सुसरी उरल्या नसाव्यात, असें आढळलें. कातड्यासाठीं शिकार, जाळ्यांत अडकून मृत्यु, धरणें, अंडीं पळविणें, अशीं कारणें अनेक. १९७५ त मगरींच्या संवर्धनाची योजना निघाली, नदीकांठचीं अंडीं जमवून पिलें वाढविण्यांत आलीं आणि हातभर-दोन हात लांब झाल्यावर नदींत सोडण्यांत आलीं. मुरैन्याजवळ देवरी येथें हें काम चालतें. १९७८–७९ त तीन प्रांतांनीं मिळून चंबळचें अभयारण्य ठरविलें आणि नदी व तिच्या कांठची पट्टी त्यांत घेतली.

आज या नदींत दोन हजारांहून अधिक सुसरी मोजल्या जातात. जगांतील बहुसंख्य सुसरी येथेंच आहेत. मार्च-एप्रिलांत मादी वाळूच्या उंच दांड्यावर खड्डा खणून तीस-चाळीस अंडीं घालते आणि पावसाच्या तोंडावर, जूनच्या आसपास, पिलें बाहेर पडतात. मग एक थोराड नर शेंकडों पिलांना जवळ घेऊन, कधीं कधीं पाठीवर बसवून, पाण्याच्या कडेस राखण करीत राहतो. ज्या प्राण्याला आपण क्रौर्याचें प्रतीक समजतों त्याच्या घरीं अशी बालवाडी भरते! तथापि संकट टळलें असें मात्र नाहीं. २००७ च्या डिसेंबरापासून अवघ्या तीन-चार महिन्यांत शंभराहून अधिक सुसरी मरून वर आल्या. तपासणींत त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळलीं. यमुनेंतील विषारी द्रव्यें माशांवाटे पोटांत गेलीं असावीं असा संशय होता, पण पक्का निर्णय लागला नाहीं. स्वच्छ चंबळ जेथें मलिन यमुनेस मिळते त्या बाजूसच हे मृत्यु प्रामुख्यानें घडले, एवढें मात्र खरें.

सुसरींशेजारीं सूंस आहे. त्याला डोळ्यांनीं जवळजवळ दिसत नाहीं, तो आवाजाच्या पडसादांवरून गढूळ पाण्यांतहि मासे धरतो. २००९ त त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. विणीच्या हंगामांत ज्याच्या नराच्या डोक्यावर तांबडे, निळे, पिंवळे पट्टे उमटतात तें मोठें कासव एके काळीं गंगेंतहि विपुल होतें. आतां नैसर्गिक स्थितींत बाळसें धरून आहे तें प्रायः या एका नदींत. पाणचिरा नांवाचा काळा-पांढरा पक्षीहि येथलाच. त्याची खालची चोंच वरच्या चोंचीहून लांब असते आणि ती पाण्यांत बुडवून रेघ ओढीत तो उडत जातो.

अशा या भूमीचें पुढें काय करावें, यावर मतभेद आहे, आणि तो पोटाचा असल्यामुळें उपदेशानें मिटणारा नाहीं. ज्याच्या वाट्यास बिघाभर जमीन आहे आणि तीहि घळीच्या जबड्यांत चालली आहे, त्यास तरसाचीं पिलें दाखवून काय समाधान होणार? त्यानें ट्रॅक्टर आणला, टेंकाड तोडून घळ बुजविली, मोहरी पेरली, तर त्यास दोष कोण देईल? गेल्या कांहीं दशकांत असें सपाटीकरण फार झालें आहे. आतां बुलडोझर आले. २०२० च्या जुलैंत ग्वाल्हेर-चंबळ भागांतील तीन लक्ष हेक्टरांहून अधिक बीहड जागतिक बँकेच्या साहाय्यानें लागवडीखालीं आणण्याचा विचार सरकारकडून जाहीर झाला. ऐकावयास तें गोड वाटतें. पण माती तीच, पाऊसहि तोच. टेंकाड तोडून पसरलेल्या मातींत कस नसतो, ती नीट बसलेली नसते, आणि पहिल्याच जोरदार पावसांत नवे बांध फुटतात. मग शेतकरी पुन्हां ट्रॅक्टर भाड्यानें आणतो. सपाट केलेली पट्टी पुन्हां घळ होऊं लागते. मात्र या खेपेस तिच्यांत करीर नाहीं, मुंज नाहीं, बीळ नाहीं.

दुसरा उपाय झाला तो विलायती बाभळीचा. १९८० च्या सुमारास विमानांतून बियांची पेरणी करून बीहड हिरवे करण्याचा उद्योग झाला. ही दक्षिण अमेरिकेकडील बाभूळ कोठेंहि जगते, सरपणास उपयोगी पडते, म्हणून गोरगरीब स्त्रिया तिला दुवा देतात, आणि तो दुवा खोटा म्हणवत नाहीं. परंतु तिनें आपल्या सावलींत गवत वाढूं दिलें नाहीं, देशी झुडुपें कोंडून मारलीं, आणि हिरवा रंग दिसला म्हणजे वन झालें अशी समजूत मात्र करून दिली.

याहून जुना आणि शहाणपणाचा एक प्रयोग इटाव्यास झालेला आहे. तेथील कलेक्टर फिशर यांनीं १८८४ च्या सुमारास जमीनदारांचें मन वळवून यमुनेकांठच्या घळी गुरांस बंद करविल्या आणि झाडें लाविलीं. त्या वनास अद्याप फिशर यांचेंच नांव आहे आणि इटाव्याचें सिंहांचें सफारी उद्यान त्याच वनांत आहे. घळींत चरणें थांबविलें, तर भूमि स्वतःची डागडुजी पुष्कळशी स्वतःच करते, हें तेव्हांच दिसून आलें होतें. स्वातंत्र्यानंतर १९५४–५५ च्या सुमारास कोटा व गुजराथेंतील वासद येथें मृदसंधारणाचीं संशोधनकेंद्रें निघालीं. तेथील तज्ज्ञांचा निष्कर्षहि भावनेवर आधारलेला नाहीं : उथळ घळी बांध-मजगी घालून शेतीस घ्याव्या, मध्यम घळींत बोर-आंवळ्यासारखीं फळझाडें लावावीं, खोल घळी गवत व वनासाठीं सोडाव्या. प्रस्तुत लेखकास तर असें वाटतें कीं, सगळा पैसा घळीच्या तोंडाशीं खर्चावा, पोटांत खर्चूं नये. शेताच्या कडेस बांध, पाणी उतरण्यास दगडी सांडवा, तोंडाशीं मुंज व अंजन गवताची दाट पट्टी, एवढें केलें म्हणजे शेतकऱ्याचें उरलेलें शेत वांचतें. जें गेलें तें बुलडोझरनें परत मिळत नाहीं. आणि जेथें गेलें तेथें आतां दुसऱ्यांचीं बिऱ्हाडें आहेत.

नदीपुरतें बोलावयाचें तर आजची मोठी अडचण पाणी व वाळू यांची आहे. १९६० त गांधीसागर धरण आणि कोट्याचा बंधारा झाल्यापासून चंबळचें पाणी कालव्यांतून शेतांकडे वळूं लागलें, त्याचा लाभ लक्षावधि शेतकऱ्यांस झाला. पण उन्हाळ्यांत खालच्या पात्रांत धार बारीक होते. वाळू उपसण्यास अभयारण्यांत बंदी असूनहि ट्रॅक्टर रात्रीं उतरतात, आणि सुसर, कासव व पाणचिरा या तिघांचीं अंडीं त्याच वाळूंत असतात. पाणी आटलें म्हणजे पात्रांतील बेटें कांठाला जोडलीं जातात आणि कुत्रीं, कोल्हे, गुरें पायीं चालत पाणचिऱ्यांच्या घरट्यांपर्यंत पोंचतात. घरटें तें काय, वाळूंतील एक उथळ खळगा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें, जी १८८३ पासून पक्ष्यांचा अभ्यास करीत आली आहे, यासाठीं कांठच्या गांवांतील माणसांनाच राखणदार नेमलें आहे. हे लोक घळींत वाढलेले, त्यांना प्रत्येक वाट ठाऊक. विणीच्या दिवसांत ते बेटांवर लक्ष ठेवतात, कुत्रीं हांकलतात, घरटीं मोजतात. उन्हाळा सरून पाऊस लागला आणि नदी चढूं लागली, म्हणजे बेटें पुन्हां पाण्याखालीं जातात. तोंवर पिलांच्या पंखांत बळ आलेलें असावें लागतें.